सोडलेली पानं

१

दुपारचा चहा झाला की मोनाली अण्णासाहेबांना वाचून दाखवायला जायची. वाटूरला परत आल्यापासूनचा हा तिचा शिरस्ता. फाट्यावरच्या गाड्यांची पोंपों मागे टाकून ती गल्लीत शिरायची, ओसरीवर चपला काढायची आणि दारातूनच म्हणायची, "जय भीम, गुरुजी."

आतून उत्तर यायचं, "जय भीम. ये. चष्मा पुसून घे."

चष्मा मोनालीला नव्हताच. गुरुजींना होता, आणि तोही आता खिडकीच्या फळीवर धूळ खात पडला होता. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले; थट्टा करायची खोड मात्र जागच्या जागी होती.

अण्णासाहेब जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. वस्तीतल्या कितीतरी पोरांना त्यांनी याच खोलीत सतरंजीवर बसवून वाचायला लावलं होतं. मोनालीही त्यातलीच. आई गल्लीभर हाका मारत फिरायची आणि ही इथं भिंतीला टेकून गोष्टीत अशी बुडालेली असायची, की हाक कानावर पडूनही आत पोचायची नाही. ते सुख तिला पुढं कुठंच तसंच्या तसं मिळालं नाही. नवोदयला गेली, मग बेंगळुरूला गेली, मोठमोठ्या ग्रंथालयांत बसली; पण या खोलीतला तो चुन्याचा आणि जुन्या कागदाचा वास काही नाकातून गेला नाही. म्हणून तर नोकरीच्या दोन पत्रांना नकार देऊन ती परत आली होती. गावातल्या प्रत्येक पोराच्या हातात पुस्तक, हा तिचा ध्यास. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत तिनं मुलांसाठी वाचनघर सुरू केलं होतं, आणि त्यापायी दिवसभर तिच्या पायाला भिंगरी असायची.

गुरुजींचं पुस्तक निळ्या कापडी बांधणीचं, उशीएवढं जाड. नोकरीत असताना जालन्याच्या प्रदर्शनातून त्यांनी ते आणलं होतं आणि निवृत्तीनंतर सावकाश वाचायचं म्हणून ट्रंकेत ठेवलं होतं. निवृत्ती आली, तिच्या पाठोपाठ अंधार आला. पुस्तक तसंच कोरं राहिलं. इतकं कोरं, की बांधणाऱ्यानं कापायची विसरलेली कितीतरी पानं वरच्या कडेला अजून एकमेकांना जुळलेली होती.

"पोस्टकार्डाच्या कडेनं काप," गुरुजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "सुरी लावू नको, कागद चिडतो. आणि एक ध्यानात ठेव, वाचणाऱ्यानं पान सोडायचं न्हाई. मी विहारात इतकी वर्षं दर पावसाळ्यात वर्षावासाचा ग्रंथ वाचला. समोर बसलेल्या निम्म्या बायांना अक्षर येत नव्हतं. मनात आणलं असतं तर अध्याय गिळला असता मी. पण त्या बाया दिवसभर रान निंदून येऊन बसायच्या. त्यांचं पान आपण कसं गाळावं?"

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला की त्यांचा मुलगा बुद्धभूषण त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता. तिकडं सून-मुलगा दोघंही कामाला; वाचून दाखवायला कोण बसणार? "तिथं टीव्ही ऐकायचा आपण," गुरुजी म्हणाले होते. "तवर येवढं एक पुस्तक पुरं कर, मोनाली. शेवटचंच समज. माझी फार वर्षांची भूक आहे ती."

मोनालीनं त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. आणि देताना तो अगदी मनापासून दिला होता.

पहिलं पान सुटलं ते साध्याच कारणानं. जुन्या जालन्यातल्या एका कापड व्यापाऱ्यानं दुकानातली काचेची कपाटं वाचनघराला द्यायचं कबूल केलं होतं, आणि तो त्या दिवशीच भेटणार होता. फाट्यावर जीप भरत आली होती. नेमकी जुळलेली पानं समोर आली. पोस्टकार्ड फळीवर, हाताच्या अंतरावर होतं. मोनालीनं ती जुळलेली पानं चिमटीत धरली आणि एकदमच उलटून टाकली.

वाचता वाचता तिनं गुरुजींकडे पाहिलं. परिच्छेद संपला तसं ते नेहमीसारखं "हं" म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

२

एकदा सुटलं ते सुटतच गेलं.

कादंबरी होती एका नावाड्याच्या मुलीची. पवळा तिचं नाव. हरवलेल्या भावाला शोधत ती नदीनं वर वर निघालेली असते. पण लेखकाला घाई म्हणून नव्हतीच. मध्येच एखाद्या घाटावर नाव थांबायची आणि मग तिथला बाजार, तिथली चूल, तिथली माणसं, पानंच्या पानं. मोनाली मनाशी म्हणायची, यानं गोष्ट कुठं पुढं सरकते? गुरुजींना शेवट ऐकायचाय ना? मग शेवटापर्यंत पोचवणं महत्त्वाचं. आणि जुळलेली पानंही बहुतेक अशाच जागी यायची, जणू पुस्तकानंच तिला मुभा दिली होती.

पण मुभा मिळालेल्या माणसाला घरी जाताना हलकं वाटतं. तिला तसं वाटायचं नाही.

एका सकाळी तीर्थपुरीच्या शाळेत तिचं भाषण झालं. वाचनाचा आनंद, हाच विषय. "पुस्तकातली एकही ओळ फुकट नसते," ती तळमळीनं म्हणाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी ते मोबाइलवर टिपून घेतलं. दुपारी वाटूरला परतल्यावर गुरुजींपुढं बसून तिनं पानांचा एक आख्खा जुडगा उलटला. त्या वेळी तिचे कान तापले. तरी हात थांबला नाही.

वाचन संपलं. गुरुजींनी बाजेवर पाय सोडले आणि स्वतःशीच हसल्यासारखं केलं.

"ती दोर वळणारी म्हातारी काही मनातून जात न्हाई बघ," ते म्हणाले.

"कोणती म्हातारी?"

"आगं, घाटावरची. ज्याला नदीपार जायचं त्यानं दोराला आपल्या हातानं एक पेड घालायचा, म्हणती. पवळा म्हणती, मला वळता येत न्हाई. तर म्हातारी काय म्हणती? 'मंग बस इथं. दोर झाला की कुणी तरी तुझ्या नावानं जाईल.' काय लिहून राह्यलाय हा माणूस!"

मोनालीनं हसून मान हलवली. मान हलवलेली त्यांना दिसत नाही, हे तिला घरी जाताना आठवलं. आणि त्याच वेळी हेही कळलं, की असली कोणतीच म्हातारी तिनं वाचली नव्हती.

३

"बांधणी सैल झालीय गुरुजी, डिंक लावून आणते," असं सांगून तिनं दुसऱ्या दिवशी पुस्तक घरी आणलं. खोट्यावर आणखी एक खोटं.

खिडकीपाशी बसून ती मागची पानं चाळू लागली. धाकट्या भावाचं, धम्मपालचं, फाट्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तो जेवायला आला होता. ताई पुस्तकाच्या दुमडीत मोबाइलचा उजेड पाडून एक डोळा मिटून आत बघतेय, हे पाहून त्यानं घास तसाच धरला.

"ताई, काय बघून राह्यली? आळ्या झाल्या का पुस्तकात?"

"गप जेव."

"न्हाई, सांग तरी. बेंगळुरूत असंच वाचतेत का? आम्ही बापडे पान उघडून वाचतो."

"धम्मा, एक मिनिट गप बस ना रे."

तिचा आवाज ऐकून तो ताट घेऊन आत गेला.

पानं जुळलेलीच होती. वरची दुमड अखंड. तिच्यावरचा पिवळटपणाही सगळीकडे सारखा, कुठं नख लागल्याची खूण नाही. कागदाच्या त्या नळीत उजेड पाडला की आतल्या ओळी वाकड्यातिकड्या, निम्म्याच दिसत होत्या. तिनं पुस्तक फिरवलं, डोळा अगदी टेकवला. "…म्हातारीनं पेड सोडला नाही," एक ओळ दिसली. मग दुमडीत हरवलेली ओळ. मग, "मग बस इथं."

मोनालीनं पुस्तक मिटलं आणि भिंतीला टेकून बसली.

कारण असणारच. ती शिकलेली मुलगी होती, आणि कारण सापडेपर्यंत घाबरायचं नाही असं तिनं स्वतःला लावून घेतलं होतं. ते तिला लवकरच सापडलं. जुन्या कादंबऱ्यांचे तुकडे आधी दिवाळी अंकांत यायचे. गुरुजींनी तो तुकडा तेव्हा वाचला असणार. वय झालं, काय वाचलं नि काय ऐकलं यांची सरमिसळ झाली. एवढंच.

तिला हायसं वाटलं. मग लगेच वाटलं, आपल्याला नेमकं कशाचं हायसं वाटलं? गुरुजींची आठवण दगा देतेय, याचं?

४

"गुरुजी, ही कादंबरी आधी एखाद्या दिवाळी अंकात आली होती का हो?" पुस्तक परत आणून ठेवताना मोनालीनं विचारलं.

"आली असती तर मी इतकी वर्षं तिला हात न लावता राह्यलो असतो व्हय?" गुरुजी हसले. "आणि तू मला का विचारतीस? तूच तर वाचून दाखवली म्हातारी."

"मी? कधी?"

"तीन-चार दिस झाले. दिवेलागणीला." त्यांनी चेहरा तिच्या दिशेनं वळवला. बुबुळं तिच्या खांद्यापलीकडे कुठंतरी लागली होती. "राग मानू नको, पण एक सांगू का? दुपारची तू बातम्या वाचल्यासारखी वाचतीस. गाडी पकडायची असती तुला, मला कळतं. आवाजात चपला घातलेल्या असतात तुझ्या. पण संध्याकाळी परत येतीस ना, तवा बराबर वाचतीस. ल्हानपणी वाचायचीस तशी. मंग मी म्हणतो, जाऊ दे दुपार."

संध्याकाळी मोनाली कधीच आली नव्हती. संध्याकाळी ती घरी फोनवर असायची. कुणाला पुस्तकं मागत, कुणाला वाचनघराचे फोटो पाठवत.

तेवढ्यात भावनावहिनी चहा घेऊन आली. भावना ही गुरुजींची धाकटी सून. नवरा समृद्धी महामार्गाच्या कामावर, त्यामुळे सासऱ्यांचं सगळं तिच्याच अंगावर.

"खरंच गं मोनाली, तुझे उपकार कसे फेडावं," कप हातात देत ती म्हणाली. "वर्षावास लागल्यापासून रोज विहारात ग्रंथवाचनाला जाते, पण निम्मा जीव घरात असायचा. सगळी गल्लीच तिकडं, आणि हे एकटे अंधारात. पडले-झडले तर? मंग शेजारची साळूबाई म्हणली, 'काळजी करू नको, ओसरीवर मोनालीच्या चपला असतेत.' तवापासून मी बिलकुल बिनघोर. शेवटचा परित्राणपाठ होईपर्यंत बसते आता."

आता बोलायला हवं होतं. वहिनी, मी येत नाही; एवढेच शब्द. पण ते बोललं की पुढचा प्रश्न येणार होता: मग सोडलेली पानं त्यांना कोणी वाचली? आणि त्याच्याही पुढचा: सोडलेली म्हणजे?

"उपकार कसले वहिनी," मोनाली म्हणाली. "गुरुजींसाठी एवढं तर करायलाच पाहिजे."

चहा घशाखाली उतरताना कडू लागला. वहिनीनं साखर नेहमीएवढीच घातली होती.

५

त्या संध्याकाळी तिनं फोन घरीच ठेवला आणि गुरुजींच्या गल्लीत आली.

गल्ली रिकामी होती. विहारावरच्या कर्ण्यातून ग्रंथवाचनाचा आवाज येत होता; शब्द कळत नव्हते, फक्त चढउतार. दाराला बाहेरून कडी नव्हती, नुसतं लोटलेलं. ओसरीवर चपला होत्या. तपकिरी, डाव्या पायाचा पट्टा काळ्या दोऱ्यानं शिवलेला. मोनालीनं खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिच्या चपला तिच्या पायात होत्या. डाव्या पट्ट्यावर काळा दोरा होता.

आतून कोणी वाचत होतं.

आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात. मोनालीनं तीर्थपुरीच्या भाषणाची चित्रफीत इतक्यांदा पाहिली होती, की तिला तो ओळखायला क्षण लागला नाही. पण हा तो आवाज होता आणि नव्हताही. भाषणातला आवाज ऐकणाऱ्याला धरून ओढायचा. हा कुणालाच ओढत नव्हता. पवळाची नाव धुक्यात अडकली होती, काठ कुठला ते कळत नव्हतं, आणि आवाजही तिच्याबरोबर नावेतच बसला होता. मधूनच थबकायचा, जणू त्यालाही धुक्यापलीकडचं दिसायला वेळ हवा होता. मग गुरुजींचं "हं" यायचं. खोल, पोट भरल्यासारखं. दुपारी तिला असं "हं" कधी मिळालं नव्हतं.

हा भाग तिनं अजून वाचलाच नव्हता. ती दाराशी उभी राहिली आणि तिला पळून जायचं होतं, हे ती विसरली. नाव काठाला लागते का, एवढंच तिच्या मनात उरलं. बाकी काही आठवेना; कपाटं नाही, वाचनघर नाही, आपण इथं का आलो तेही नाही. कितीतरी वर्षांनी ती अशी ऐकत होती. विहारातला कर्णा थांबला तेव्हा कुठं ती भानावर आली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की खोलीत दिवा नाही.

दाराच्या फटीतून दिसत होता तो नुसता काळोख. गुरुजींना दिव्याची गरज नव्हती, ते ठीक. पण वाचणाऱ्याला?

"गुरुजी!" तिनं हाक मारली.

आवाज शब्दाच्या मधोमध थांबला.

तिनं चपला तिथंच भिरकावल्या, दार लोटलं, भिंत चाचपून बटण दाबलं. बाजेवर गुरुजी एकटेच बसले होते, हनुवटी किंचित वर. समोरच्या खुर्चीवर मिटलेलं पुस्तक. खुर्चीच्या वेताला मध्यभागी खोलगट बाक आला होता. तो पाहता पाहता करकरत सावकाश वर आला.

"का थांबलीस गं?" गुरुजी म्हणाले. "नाव धुक्यात सोडून कुठं उठून गेलीस?"

"पाणी प्यायला," ती म्हणाली. किती सहज सुचलं.

"बरं, वाच मंग."

खुर्चीवर बसायचा धीर तिला झाला नाही. उभ्यानंच तिनं पुस्तक उचललं, पानं उलटली. धुकं कुठं ते सापडेना. सापडलं तेव्हा ती पानं जुळलेली निघाली. ती पुढचंच काहीतरी वाचू लागली. गुरुजींनी थोडा वेळ ऐकलं, मग हात वर केला.

"राहू दे. दमलीस तू." ते तोंड फिरवून आडवे झाले. "उद्या येशील ना? येतीस तशी ये."

बाहेर ओसरीवर चपलांचा एकच जोड होता. पायात सरकवताना तो तिला कोमट लागला. दिवसभराच्या उन्हानं फरशी तापलेली असते, तिनं स्वतःला समजावलं. त्या दिवशी सकाळपासून आभाळ होतं.

६

पौर्णिमा जवळ आली. विहारापुढं खिरीची पातेली घासून पालथी घातली गेली. पुण्याहून बुद्धभूषणचा निरोप आला: गाडी ठरली आहे.

मोनाली मधले काही दिवस गेलीच नाही. ताप आल्याचं कळवलं. दिवेलागणीला ती घराची खिडकी लावून घ्यायची आणि तरी कान गुरुजींच्या गल्लीकडे असायचे. वाचनघरात मुलं पुस्तकांवर तुटून पडलेली दिसायची, एखादी पोरगी बोट ओळीवर ठेवून ओठ हलवत असायची, आणि मोनालीला तिच्याकडे सरळ बघवायचं नाही. कशाची भीती वाटते, ते हळूहळू स्पष्ट होत गेलं. ते जे कोणी होतं, त्यानं गुरुजींचं काही वाईट केलं नव्हतं. त्यानं फक्त दिलेला शब्द पाळला होता. तिनं दिलेला.

मग एका सकाळी तिनं ठरवलं. जालन्याला वाचनावर बोलायचं होतं. ते तिनं रद्द केलं. भावनावहिनीकडून पुस्तक मागवून घेतलं आणि पोस्टकार्ड घेऊन बसली. एकेक दुमड सावकाश उलगडली. कागद सुटताना अगदी हलका, फुंकर घातल्यासारखा आवाज व्हायचा, आणि आत न पाहिलेली ओळ निघायची. दोर वळणारी म्हातारी निघाली. चुलीवरचं आंबट वरण निघालं, धुकं निघालं. काय सुंदर पानं होती! आपण कुणाच्या तोंडचं काय काढून घेतलं, ते तिला आता दिसत होतं.

दुपारी ती गेली. चपला काढल्या. "जय भीम, गुरुजी."

आतून उत्तर आलं, पण सावध, विनयशील आवाजात, "जय भीम. या. कोण?"

"मी मोनाली."

ती गुरुजींच्या पायाशी बसली आणि थांबलं तर पुन्हा जमणार नाही म्हणून भडाभडा बोलत सुटली. "गुरुजी, मी तुम्हाला फसवलं. मी पानं सोडत होते. घाई असायची म्हणून, कंटाळा यायचा म्हणून. संध्याकाळी वाचत होतं ते मी न्हाई. मी कधीच आले नव्हते. मला माफ करा. आता सगळं वाचते. पहिल्या सुटलेल्या पानापासून, एक ओळ न गाळता."

गुरुजींनी हात पुढं केला. तिच्या डोक्यावर ठेवायला असेल असं वाटून तिनं मान झुकवली. हात हवेतच राहिला, मग त्यांनी तो मागे घेतला.

"बाई, तुम्ही कुणाच्या ते मला कळंना," ते म्हणाले. "पण तिच्याबद्दल असं बोलू नका. मोनाली माझ्या हाताखाली शिकली. ती पान सोडत न्हाई."

"गुरुजी, मीच ती."

"तिचा आवाज मला ठाऊक आहे." अगदी शांतपणे, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराला सांगावं तसं. "वाचायचं असंल तर वाचा. कुणी वाचतो म्हणलं तर मी नको म्हणत नसतो."

तिनं खुर्चीवर बसून वाचलं. दुपार कलेपर्यंत वाचलं. घसा बसला तरी थांबली नाही. अशी ती लहानपणानंतर कधी वाचली नव्हती. म्हातारीशी म्हातारी झाली, धुक्याशी धुकं झाली. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ती क्षणभर थांबायची. गुरुजी हात मांडीवर जुळवून बसले होते, लग्नघरी ओळख नसलेल्या पाहुण्याशेजारी बसावं तसे. त्यांच्या तोंडून एकदाही "हं" उमटलं नाही.

खिडकीतला उजेड विरत आला. बाहेरून भावनावहिनीची हाक आली, "मोनाली, आहेस ना गं? मी निघाले विहारात. शेवटचा अध्याय आहे आज."

"आहे वहिनी," मोनालीनं ओठ हलवले, पण बसलेल्या घशातून आवाज फुटला नाही.

दार लोटल्याचा आवाज झाला. गल्लीतली पावलं एकामागून एक विहाराकडे गेली. मग गल्लीत कोणी उरलं नाही, आणि त्या शांततेत ओसरीवर कोणीतरी चपला काढल्या.

आधी एक. मग दुसरी.

गुरुजींचा चेहरा उजळला. इतका, की त्या अंधुक उजेडातही ते कळलं.

"आली," ते म्हणाले. मग मोनालीच्या दिशेनं, आर्जवानं, "बाई, तेवढी खुर्ची सोडता का? तिची जागा आहे ती. आज आमचं पुस्तक संपणार आहे."

मोनालीला म्हणायचं होतं, नाही. म्हणायचं होतं, माझी जागा आहे. शेवटचा अध्याय तिच्या मांडीवर उघडा होता, आणि तो तिनं एकदाही सोडला नव्हता. अजून वाचलाही नव्हता. दार कुरकुरलं नाही, पडदा हलला नाही, पण खोलीतली हवा कुणीतरी आत आल्यावर होते तशी थोडी दाट झाली.

ती उठली.

पुस्तक तिच्या हातातून घेतलं गेलं. हिसकावलं नाही, शाळेत बाई पाटी घेतात तसं, अलगद. ती मागे सरकत भिंतीला टेकली आणि तिनं नजर खाली ठेवली. खुर्चीचा वेत करकरला.

"कुणी पाहुण्या आल्यात," गुरुजी नव्या आवाजाच्या दिशेनं म्हणाले. "मघाधरनं बिचाऱ्या वाचून राह्यल्यात. त्यांना सतरंजी दे. ऐकू दे त्यांना पण."

खिडकीतून आलेल्या शेवटच्या उजेडाच्या पट्ट्यात एक हात आला. बोटांना जुन्या कागदाची पिवळी भुकटी लागलेली होती, दिवसभर पानं कापल्यावर लागते तशी. मोनालीनं स्वतःची बोटं पाहिली. ती स्वच्छ होती.

हातानं सतरंजीची घडी तिच्या पायांपर्यंत सरकवली, एक कोपरा दुमडला होता तो नीट केला, आणि ती बसेपर्यंत थांबून राहिला.